नवा माणूस आला की त्याला आधी एक दगड द्या

एका संस्थेनं मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यात एका गावी आठ जणांची नोंदणीकृत संस्था आहे. गावाबाहेरची बारव (पायऱ्यांची जुनी विहीर) आणि तिच्या काठचं जुनं देऊळ स्वच्छ ठेवायचं, शिवारातल्या वीरगळांची (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची) नोंद करायची आणि वर्षातून एकदा गोंधळ-भारुडाचा कार्यक्रम घ्यायचा, अशी त्यांची कामं. आवाहन केलं की वीस-पंचवीस पोरं येतात, फोटो काढतात. दुसऱ्या रविवारी सात येतात आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा आपले तेच आठ. येत्या रविवारी बारा नवे यायचेत. त्यांचं स्वागत कसं करावं म्हणजे ते टिकतील?

मी परभणीकडं हेच काम बावीस वर्षं करतोय. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं आमचंही असंच चालायचं, म्हणून आधी आमची चूक सांगतो. आमच्याकडं नव्या माणसाचं स्वागत म्हणजे कार्यक्रम असायचा. दीपप्रज्वलन, अध्यक्षांचा सत्कार, मग प्रमुख पाहुण्यांचा, मग ज्यांनी मंडप दिला त्यांचा. पाऊण तास भाषणं, त्यात ‘आपला वैभवशाली वारसा’ चार वेळा. एवढं झाल्यावर हातात खराटा देऊन ‘चला, लागा कामाला’. त्या काळात एक मुलगी आली होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. पुढच्या वेळी दिसली नाही म्हणून मी फोन केला. ती एवढंच म्हणाली, “सर, मी तीन तास होते तिथं. मला कुणी नावसुद्धा विचारलं नाही.” माझ्याकडं उत्तर नव्हतं. शाली आम्ही पाच वाटल्या होत्या, त्याही सगळ्या आपल्याआपल्यातच.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. नवा माणूस आला की त्याला आम्ही काम देत नाही, एक दगड देतो. एक वीरगळ, एक सतीशिळा (सती गेलेल्या बाईचा स्मारकदगड), बारवेतला एक कोनाडा, देवळाचा एक खांब. काहीही चालेल, पण एकच आणि फक्त त्याचा. सोबत वहीचं एक पान, पेन्सिल, मोजायची टेप. सांगायचं, की तासभर याच्यासमोर बस. उंची, रुंदी, जाडी लिही. येईल तसं चित्र काढ. किती चौकटी आहेत, कोण बसलंय, कोण उभंय, पायाशी काय आहे ते लिही. अर्थ विचारू नको, आधी बघ.

तासभर बसायला लावणं कठीण जातं. पहिल्या दहा मिनिटांत पोरं म्हणतात, झालं सर, वीरगळ आहे. मग मी विचारतो, खालच्या चौकटीत घोडा कुठल्या दिशेला तोंड करून आहे? तो परत जातो, आणि तिथून पुढं बघणं सुरू होतं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली लढाई, कधी गुरं पळवणाऱ्यांशी झालेली, मग बाजूला गायी कोरलेल्या असतात. मधल्या चौकटीत वीराला अप्सरा वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. हे मी सांगितलं तर पाच मिनिटांत सांगून होतं आणि पाच मिनिटांत विसरलंही जातं. त्यानं स्वतः चौकटी मोजल्या, गायी शोधल्या आणि मग मी सांगितलं, तर ते त्याचं होतं.

पेट्रोल पंपावर काम करणारा एक पोरगा आमच्याकडं आला होता. त्याला आम्ही सतीचा दगड दिला. कोपरात वाकलेला, कोरलेल्या खांबातून बाहेर आलेला हात, पंजा उघडा आणि मनगटात बांगड्या. त्यानं बांगड्या मोजल्या. दगड झिजलेला, ओल्या फडक्यानं पुसून तिरप्या उन्हात बघितल्याशिवाय रेघा दिसत नव्हत्या. सकाळी सातला एक आकडा आला, संध्याकाळी पाचला दुसरा. त्या फरकापायी तो चार रविवार येत राहिला. पुढं पावसाळ्यात एका रात्री त्याचा फोन: “सर, माझ्या दगडाला कुणीतरी म्हैस बांधलीय.” ‘माझ्या दगडाला’ हे दोन शब्द ऐकले आणि मी समजलो, हा आता जात नाही. आज आमच्या नोंदवहीचं सगळं काम त्याच्याकडं आहे.

तुमच्याकडं बारव आहे म्हणता, तर काम आणखी सोपं आहे. बारवेत देण्यासारखं खूप असतं. पायऱ्या मोजायला एकाला लावा. दोघांना वेगवेगळं मोजायला लावलंत तर आकडे जुळत नाहीत आणि दोघं भांडत पुन्हा खाली उतरतात. याहून चांगली ओळखपरेड मला माहीत नाही. खाली उतरायच्या वाटा किती आहेत त्यावरून जुन्या शिल्पग्रंथांत विहिरींना नावं दिलीत: एक वाट असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन जया आणि चार विजया. आपली कोणती ते नव्या माणसानंच ठरवावं. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव एकदा सगळ्यांना दाखवून आणा. ती बघून आलेला माणूस स्वतःच्या गावातली झाडाझुडपात बुडालेली विहीर वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. जिंतूर तालुक्यातलं चारठाणाही त्याच दिवसात होतं.

देवळाला सगळेच ‘हेमाडपंती’ म्हणतात, तुम्हीही म्हणत असाल. भांडू नका, पण नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा, की हेमाद्री म्हणजेच हेमाडपंत हा तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. मराठवाड्यातली कितीतरी देवळं त्याच्या आधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली आहेत. देगलूर तालुक्यातल्या होट्टलचं उदाहरण द्या. आपल्याला वाटतं तेवढं आपल्याला माहीत नाही, हे नव्याला लवकर कळलेलं बरं. जुन्यांनाही.

आता गावाचं. ही गोष्ट पुस्तकी माणसाच्या डोक्यात येत नाही आणि तिथंच सगळं फसतं. आपल्याकडं ओसाड देवळाशी चार अनोळखी पोरं टेप, टॉर्च आणि फावडं घेऊन दिसली की गाव एकच अर्थ काढतं: गुप्तधन. एका गावात आम्ही गवत काढत होतो तर एक म्हातारबा काठी टेकत आले. “काय काढायलाव इथं? हंडा हाय का?” मी हसलो. ते हसले नाहीत. पंधरा मिनिटांत बांधावर वीस माणसं. नवी पोरं घाबरली, त्यातली दोन पुन्हा आली नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. गुप्तधनाच्या नादानं पिंडीखाली खणलेली, नंदी उलथवलेली देवळं आपल्या भागात कमी नाहीत. त्यामुळं गावाचा संशय वेडगळ नाही, अनुभवातून आलेला आहे.

म्हणून पहिल्या दिवशी बारवेवर जायच्या आधी बाराही जणांना घेऊन पारावर जा. तिथं चहा घ्या. सरपंच, पोलीस पाटील आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर ती जागा येते ते शेतकरी, या तिघांशी नव्यांची ओळख नावानिशी करून द्या. ग्रामपंचायतीचं पत्र कुणातरी एकाच्या खिशात असू द्या. फावडं-कुदळ पहिल्या दिवशी नकोच. आणि गावातला एक जाणता माणूस सोबत घ्या, त्याला देवळाची गोष्ट सांगू द्या. ती इतिहासाला धरून नसेल. एका रात्रीत पांडवांनी बांधलं आणि कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला, ही गोष्ट मी किमान तीस गावांत ऐकलीय. त्याला मध्येच दुरुस्त करायचं नाही, हे पोरांना आधी बजावून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. स्मारक केंद्राच्या (1958 चा कायदा) किंवा राज्याच्या (1960 चा कायदा) संरक्षित यादीत आहे का ते आधी पुरातत्त्व खात्याकडून पक्कं करून घ्या. संरक्षित असेल तर लेखी परवानगीशिवाय तिथं काही हलवायचं नाही, उपटायचं नाही, लावायचं नाही. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. यादीत नसेल तर ग्रामपंचायत, देवस्थान किंवा जागेचा मालक यांची संमती घ्या. एवढं नव्या माणसाला समजावून सांगितलं की तो पुढच्या वेळी स्वतःच विचारतो, सर, आपल्याला इथं हात लावायची परवानगी आहे ना?

हात लावण्यावरून आठवलं. आमच्या हातून झालेलं सगळ्यात वाईट काम सांगतो. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी कॉलेजची चाळीस मुलं एकदम आली. उत्साह दांडगा आणि आम्ही चौघं. कुणीतरी दुकानातून तारेचे ब्रश आणून दिले. देवळाच्या मागच्या भिंतीवर एक सुरसुंदरी, म्हणजे कोरलेली देवांगना होती, आरसा धरलेली. तिच्यावर काळसर पापुद्रा होता. दोन पोरांनी मन लावून, घाम गाळून तो काढला आणि त्याबरोबर तिच्या गालावरचा दगडही. आजही सकाळच्या उन्हात त्या गालावर बारीक ओरखडे दिसतात. पोरांचा दोष नव्हता, त्यांना ‘स्वच्छ करा’ एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्याकडं ब्रश मिळतो तो काथ्याचा किंवा मऊ, आणि तोही तिसऱ्या रविवारनंतर. तोवर फक्त जमिनीवरचा कचरा, प्लास्टिक, दारूच्या बाटल्या. शिल्पाला हात नाही.

काय करायचं नाही ते आम्ही नव्यांना दाखवून सांगतो, कारण तोंडी सांगितलेलं राहत नाही. जवळच्या एखाद्या देवळात जीर्णोद्धार झालेला असतोच, तिथं न्यायचं. खांबांना ऑइल पेंट, फरशीला टाइल्स, सांध्यांत सिमेंट. मग सांध्याशेजारचा दगड कसा भुगा होऊन झडतोय ते बोटानं दाखवायचं. जुना दगड आणि चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट ती ओल अडवतं, मग क्षार दगडातूनच बाहेर येतात आणि तोच फुटतो. ॲसिड तर नावालाही नको. भिंतीतला पिंपळ ओढून काढायचा नाही, मुळाबरोबर दगड निखळतो. बुंध्याशी कापायचा आणि पुढचं जाणकाराला विचारायचं. शेंदराला हात घालायचा नाही. तो खरवडायचा विचार तुमच्या मनात कितीही शास्त्रीय असला तरी गावासाठी तो देव आहे, आणि गाव तुमच्या आधीपासून तिथं आहे.

जिवाच्या गोष्टी पटकन सांगतो. आग्या मोहोळ कुठं आहे ते आदल्या दिवशी बघून या. त्याच्याखाली अत्तर, धूर आणि ड्रोन तिन्ही बंद. बूट घालूनच यायचं, दगड उलटायचा तर काठीनं. सर्पदंशावरचं औषध जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळतं ते आधी विचारून ठेवा, नंबर लिहून ठेवा. बंद आडात किंवा खोल विहिरीच्या गाळात स्वयंसेवक उतरवायचा नाही, तिथली हवा मारते. अठराखालच्या मुलांच्या पालकांचं पत्र घ्या. पाणी माणशी तीन लिटर धरा.

पाण्यावरून एक महत्त्वाचं बोलायचंय. आपल्याकडं ओळख करून घेताना पहिला प्रश्न नावाचा, दुसरा आडनावाचा आणि तिसरा ‘कोणत्या गावचे? कुणापैकी?’ असा असतो. हे तीन प्रश्न कशासाठी असतात ते विचारणाऱ्याला माहीत असतं आणि ज्याला विचारलं त्यालाही. आमच्याकडं ओळखीचा नियम वेगळा आहे. गोल बसायचं. नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि गावातली सगळ्यात जुनी वस्तू सांगायची. आडनाव नाही. रजिस्टरमध्ये ते असतं, तिथंच राहतं. कुणी जातं सांगतं, कुणी वेशीचं दार, कुणी ‘आमची आज्जीच’ म्हणतं. तेवढ्यात वातावरण सैल होतं. आणि पाण्याचा जार एक, पेले तेच. हे बोलून दाखवायची गरज नसते, पण मांडणी मात्र मुद्दाम करावी लागते.

बारवेच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे, तो नव्या पोरांना कळला पाहिजे. एका गावात बारव साफ करून आम्ही वर बसलो होतो. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा काठावर उभे राहून खाली बघत होते. म्हटलं, या की बाबा, खाली बसू. ते म्हणाले, “मी कवा उतरलो न्हाई आत. आमाला वरून वाढायचे पाणी.” पोरं गप्प झाली. मग आमच्यातली एक मुलगी उठली, त्यांचा हात धरला आणि ते एकेक पायरी उतरत पाण्यापर्यंत गेले. हात बुडवला, तोंडावर पाणी मारलं, वर आले, विडी पेटवली आणि गेले. त्या दिवशी ‘आपल्या पूर्वजांचा वारसा’ असं कुणीच बोललं नाही. कोणाच्या पूर्वजांचा, हा प्रश्न पोरांना आपोआप पडला होता. तो पडू द्या. त्याचं उत्तर घाईनं देऊ नका.

मुली टिकत नाहीत अशी तक्रार सगळ्याच संस्था करतात. विचारा, जागेवर संडासची सोय आहे का? शेजारच्या घरी आधी बोलून ठेवलंय का? परत सोडायला एसटी किती वाजता आहे ते बघितलंय का? एकटी मुलगी आली तर तिच्यासोबत संस्थेतली एखादी ताई, मावशी असते का? ही चार उत्तरं ‘हो’ असतील तर मुली येतात, आणि बहुतेकदा पोरांपेक्षा जास्त टिकतात. चहा करायला आणि रांगोळी काढायला त्यांनाच पुढं करू नका, एवढी कृपा करा.

आता कलेची बाजू. कार्यक्रमाच्या दिवशी नव्या स्वयंसेवकाला खुर्च्या मांडायला लावतात, त्याला कलावंताशी बोलायची संधीच येत नाही. आणि बोलायला पाठवलं तर काही न शिकवता पाठवतात. आमच्याकडं एकदा गोंधळ होता. गोंधळी मंडळींनी चौक मांडला होता. पाटावर कोरं कापड, त्यावर धान्याची रास, कलश, विड्याची पानं, शेजारी दिवटी. एकजण संबळाचं कातडं बोटानं दाबून दाबून बघत होता, सुतळी ताणत होता. आमचा नवा पोरगा माइकची वायर ओढत आला आणि घाईत संबळ ओलांडून गेला. म्होरक्यांनी काही आरडाओरडा केला नाही. त्यांनी संबळ उचलला, कपाळाला लावला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, “घटकाभर थांबू.” ती घटका फार लांब होती. वाद्य ओलांडायचं नसतं हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. शहरात वाढलेला, इंग्रजी शाळेतला. त्यानं जाऊन पाया पडल्यावर म्होरक्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि दिवटीत तेल घालायचं काम दिलं. रात्रभर तो तिथून हलला नाही. माझ्या चुकीची भरपाई त्यांनी केली.

तेव्हा कलावंत यायच्या आधी अर्धा तास नव्यांना घेऊन बसा. गोंधळ हे कुळाचार म्हणून होणारं विधिनाट्य आहे, आपण त्याला मंचावर आणलं तरी त्यांच्यासाठी देवी तिथं आलेली असते. चौकाजवळ चप्पल नाही. आराधी, पोतराज, वासुदेव यांच्याशी बोलताना ‘तुमची कला लोप पावतेय’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. समोरचा माणूस जिवंत बसलाय. रेकॉर्डिंग करायच्या आधी विचारायचं, आणि कुठं टाकणार तेही सांगायचं.

आणि मानधन. हा माझा जुना वाद आहे, इथंही घालतो. आपण सगळे फुकट राबतो म्हणून कलावंतानंही ‘संस्कृतीसाठी’ फुकट यावं असं पुष्कळ पदाधिकाऱ्यांना वाटतं. स्वयंसेवक आपण आहोत, ते नाहीत. त्यांचं पोट त्यावर आहे. रक्कम आधी ठरवा, गाडीभाडं वेगळं धरा आणि पाकीट त्याच रात्री निघायच्या आधी हातात द्या. ते पाकीट नव्या स्वयंसेवकाच्या हातून द्यायला लावा, म्हणजे त्याला पहिल्याच कार्यक्रमात रीत कळते.

कागद चांगले लिहिणारा कुणी नवा आला तर त्याला सगळ्यात मोलाचं काम हे द्या: भागातल्या म्हाताऱ्या कलावंतांचे शासनाच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेचे अर्ज भरून देणं. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि कलेच्या क्षेत्रात इतकी वर्षं काम केल्याचे पुरावे लागतात. शेवटच्या गोष्टीवरच घोडं अडतं. ज्यानं चाळीस वर्षं जत्रेत हलगी वाजवली त्याच्याकडं प्रमाणपत्र कुठून असणार? मग जुन्या पत्रिका शोधा, उरुसाची हँडबिलं शोधा, कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये फोटो सापडतो. आमच्या एका मुलानं असे तीन अर्ज मार्गी लावले. तो बारवेवर एकदाही आला नाही, त्याला उन्हाचा त्रास होतो. तरी तो आमचा पक्का माणूस आहे.

स्वयंसेवक म्हणजे खराटा धरणारा तरुण, एवढंच डोक्यात ठेवलं की बाकीची माणसं हातची जातात. आपला भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुने सरकारी कागद उर्दूत, किल्ल्यांवरचे लेख फारसीत, काही जुनं दप्तर मोडीत. कंधार, उदगीर, औसा, परांडा, कुठंही जा, शिलालेखासमोर पोरं उभी राहतात आणि हात चोळत परत येतात. आमच्या गल्लीतल्या उर्दू शाळेतल्या निवृत्त गुरुजींना आम्ही बोलवायला लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, फारसी मला अर्धीच येते, पण अक्षर लागेल. ते प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात, एका पोराकडून लेखाचा फोटो मोठा करून घेतात आणि एकेक अक्षर सोडवतात. चार नव्या मुलांना त्यांनी लिपी शिकवली. तुमच्या तालुक्यातही असे कुणीतरी असतील, जाऊन विचारा. त्यांना व्हॉट्सॲपवरचं आवाहन पोचत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांची गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते ते, गावातलेच रहिवासी. तेर म्हणजे जुनं तगर, रोमपर्यंत व्यापार असलेलं सातवाहनकाळचं गाव. तिथं पावसाळ्यात पांढरीची (जुन्या वस्तीच्या टेकाडाची) माती वाहून गेली की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडत. लोकांना ती खडेमुडे वाटत. लामतुरे ती जमवत गेले. त्यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय आज तिथं त्यांच्याच नावानं आहे, शासनाचं. नवी मुलं लगेच विचारतात, मग आम्हीही जमवू का? इथं थांबवायचं. आज तुमच्या गावाच्या पांढरीत मणी दिसला तर तो खिशात घालायचा नाही. जागेचा फोटो, तारीख, कुणाच्या शेतात ते लिहायचं आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं. नाणी किंवा मौल्यवान काही सापडलं तर 1878 चा निखात निधी कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. घरी नेलेली नाणी कुठं जातात ते आपल्याला ठाऊक आहे.

वेळापत्रक आपल्या भागाचं ठेवा. 18 एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो म्हणून त्या दिवशी श्रमदान ठेवणारे लोक मी बघितलेत. त्या उन्हात नवा माणूस एकदाच येतो. त्या दिवशी सावलीत बसून नोंदवह्या पूर्ण करा, आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्या. मैदानी काम दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. 19 ते 25 नोव्हेंबरचा वारसा सप्ताह सुरुवातीला बरा पडतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतकऱ्याघरची पोरं येणार नाहीत. ती आली नाहीत म्हणून ग्रुपवर टोमणे मारू नका.

प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांना नाकं मुरडू नका. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास भरायचे असतात. तो तासांसाठी येतो आणि त्यातले दोन-चार तासांनंतरही राहतात. तासांची नोंद चोख ठेवा, सही वेळेवर द्या. सहीसाठी चार खेपा घालायला लावल्या तर तो वारसा विसरेल, खेपा विसरणार नाही.

तुमच्या आठ जुन्यांबद्दलही बोललं पाहिजे, ते प्रश्नात नव्हतं तरी. नव्यांना पळवतो तो बहुतेक वेळा एखादा जुनाच. ‘आम्ही दहा वर्षं राबलो तेव्हा कुठं होतात’ हे वाक्य, किंवा त्या अर्थाचं हसणं. आमच्याकडं मीच होतो तो. म्हणून आता प्रत्येक जुन्याकडं फार तर दोन नवे देतो. त्यानं त्यांच्यासोबत डबा खायचा, बुधवारी फोन करायचा. फोनवर ‘येणार का’ विचारायचं नाही, ‘तुझ्या दगडाचं चित्र पूर्ण झालं का’ विचारायचं. आणि दुसऱ्या महिन्यात जमाखर्चाची वही नव्यांसमोर उघडी ठेवायची. देणगी किती आली, मंडपाला किती गेले, गोंधळी मंडळींना किती दिले. धर्मादाय कार्यालयात हिशेब जातोच, मग पोरांपासून काय लपवायचं? आमच्या वहीत एका नव्या मुलीनं बेरजेची चूक काढली, 340 रुपयांची. पुढच्या वर्षीपासून वही तिच्याकडं.

येत्या रविवारी बारा जण यायचेत ना? मग शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर आठांपैकी दोघं बारवेवर जा आणि बारा वस्तू निवडून ठेवा. बारा वीरगळ नसतील तर पाच वीरगळ, चार कोनाडे, दोन खांब आणि उंबऱ्यावरचं ते कीर्तिमुख, म्हणजे कोरलेलं राक्षसी तोंड. दगडावर खडूनं किंवा रंगानं नंबर टाकू नका, कागदावर नकाशा काढा आणि त्यावर आकडे घाला. मोहोळ बघून या. शेजारच्या घरी मुलींसाठी विचारून ठेवा. टेपा कमी पडतील, शिंप्याकडून दोन मागून आणा. आणि पारावरच्या हॉटेलवाल्याला वीस चहा सांगून ठेवा. बारा नवे, आठ तुमचे. सरपंच आले तर एक जास्तीचा.